केस पेपर, अनामत आणि प्रशासकीय आकार : माहुलच्या संदर्भात मुंबईतील रुग्णालयीन शुल्कविषयक तक्रारींचा इतिहास

प्रस्तावना

रुग्णालयाच्या बिलात औषधे, तपासण्या व डॉक्टरांची फी यांच्या खाली काही लहान रकमा असतात. नोंदणी शुल्क, फाईलचा आकार, कागदपत्रांचा आकार, प्रशासकीय आकार, डिस्चार्जचा आकार आणि यांपैकी कशातही न बसणारे ‘इतर’. रुग्णाच्या आजाराशी या रकमांचा प्रत्यक्ष संबंध नसतो. आरोग्यसेवेच्या खर्चाविषयीच्या अभ्यासांत त्यांची दखल क्वचितच घेतली जाते, कारण एकूण बिलाच्या मानाने त्या किरकोळ भासतात. तथापि रुग्णाचे कुटुंब व रुग्णालय यांच्यातील वादाला तोंड फुटते ते पुष्कळदा याच ओळींवरून. प्रतिजैविकाची मात्रा योग्य होती की नाही हे सामान्य माणसास सांगता येत नाही. परंतु फाईल उघडण्याचे पैसे कशाबद्दल, हा प्रश्न त्याला विचारता येतो.

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मुंबईच्या नागरिकास केव्हा, कोणत्या कायद्याने आणि कितपत मिळाला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. कायद्याची साधने एकामागून एक निर्माण होत गेली असली, तरी अतिरिक्त शुल्क प्रत्यक्षात कमी झाले वा परत मिळाले ते प्रामुख्याने अशा प्रसंगी, जेव्हा बिल वाचणारा एखादा तिसरा पक्ष रुग्ण आणि रुग्णालय यांच्यामध्ये उभा होता, असे या इतिहासावरून दिसून येते. विवेचनासाठी माहुलची वस्ती समोर ठेवली आहे. तेथे आजारपण हा अपवादात्मक प्रसंग राहिलेला नाही. त्यामुळे बिलातील लहान रकमाही तेथे वारंवार भराव्या लागतात.

माहुल : आजारपणाचा भूगोल

माहुल हे मुळात कोळी व आगरी वस्तीचे खाडीकाठचे गाव. 1950 च्या दशकात त्याच्या शेजारी स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल या कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे 1970 च्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन त्यांचे रूपांतर अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांत झाले. खतकारखाना, वीजकेंद्र आणि रसायनांच्या साठवणटाक्या यांची त्यात भर पडली. केईएम रुग्णालयाच्या तज्ज्ञांनी 2013 मध्ये या परिसरात केलेल्या पाहणीत 67.1 टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले. छातीत कोंडल्यासारखे होते असे सांगणारे 84.5 टक्के होते, तर डोळ्यांची जळजळ होत असल्याचे 86.6 टक्के लोकांनी नोंदवले. राष्ट्रीय हरित लवादाने 18 डिसेंबर 2015 च्या निर्णयात हवेतील सेंद्रिय वायूंचा येथील रहिवाशांच्या प्रकृतीस असलेला धोका मान्य केला.

यानंतर जे घडले ते प्रशासकीय इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तानसा जलवाहिनीलगतची बांधकामे हटवावीत, या उच्च न्यायालयाच्या 2009 च्या आदेशाच्या अंमलबजावणीत घाटकोपर, विद्याविहार आदी भागांतील हजारो कुटुंबांना पर्यायी घर म्हणून माहुल येथील प्रकल्पबाधितांच्या वसाहतीत जागा देण्यात आली. 72 इमारती व 17,205 सदनिका असलेली ही वसाहत शुद्धीकरण कारखान्यांच्या निकट आहे. 2017 पासून मोठ्या प्रमाणावर स्थलांतर झाले आणि लवकरच श्वसनाचे, त्वचेचे व क्षयाचे विकार हा तेथील सार्वजनिक चर्चेचा मुख्य विषय झाला. ऑक्टोबर 2018 मध्ये रहिवाशांनी विद्याविहार येथे पदपथावर बिऱ्हाड मांडून ‘जीवन बचाओ आंदोलन’ आरंभिले. ते वर्षाहून अधिक काळ चालले. उच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2019 रोजी कोणासही माहुलला जाण्याची सक्ती करू नये, आणि पर्यायी घर देता येत नसेल तर बाधित कुटुंबास दरमहा 15,000 रुपये भाडे व 45,000 रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला.

न्यायालयाने घरभाड्याचा व घराच्या अनामतीचा आकडा निश्चित केला. दवाखान्याच्या खर्चाचा हिशेब मात्र त्यात नव्हता. तो हिशेब प्रत्येक कुटुंबाने आपापल्या पिशवीत साठवलेल्या कागदांतच राहिला. तो कागद कोणत्या दवाखान्याचा आहे, यावर रुग्णाचे हक्क बदलतात. हा भेद समजून घेण्यासाठी सार्वजनिक रुग्णालयांपासून आरंभ करणे इष्ट ठरते.

केस पेपर : शुल्क आहे, ग्राहक नाही

मुंबईतील मोठ्या रुग्णालयांची उभारणी दान आणि सार्वजनिक पैसा यांतून झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय 1845 मध्ये सुरू झाले. महापालिकेचे केईएम 1926 मध्ये. सार्वजनिक रुग्णालये व दवाखाने चालविणे हे महापालिकेचे कर्तव्य असल्याचे तिचा 1888 चा अधिनियम मानतो. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा वैद्यकीय सेवेस मुकता कामा नये, हे तत्त्व भोर समितीने 1946 च्या अहवालात स्पष्टपणे मांडले होते. स्वातंत्र्योत्तर काळातील सरकारी आरोग्यसेवा या तत्त्वावर उभी असल्याचे सांगितले जाते.

प्रत्यक्षात शुल्क हळूहळू शिरत गेले. त्याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे केस पेपर. रांगेत उभे राहून, पैसे भरून, नाव-वय-पत्ता लिहिलेला तो कागद घेतल्याखेरीज डॉक्टरांपर्यंत पोहोचता येत नाही. महापालिकेच्या रुग्णालयांत त्यासाठी अनेक वर्षे दहा रुपये आकारले जात. 1990 च्या दशकात आर्थिक सुधारणांच्या ओघात सेवाशुल्काची कल्पना रुजली, आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने 1999 मध्ये सुरू झालेल्या राज्यातील आरोग्ययंत्रणा विकास प्रकल्पाच्या काळात तिला अधिक बळ मिळाले. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांस सूट होती. ती मिळविण्यासाठी मात्र आणखी एक कागद दाखवावा लागे.

दहा रुपये ही रक्कम वादाची वाटत नाही. तिचे कायद्यातील स्थान मात्र विलक्षण आहे. 1986 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली वैद्यकीय सेवा येते किंवा नाही, हा वाद जवळजवळ दहा वर्षे चालला. डॉक्टरांच्या संघटनेने त्यास कडाडून विरोध केला. मुंबईत 1980 च्या दशकात सुरू झालेली ‘आकाश’ ही रुग्णहिताची संस्था, तसेच ग्राहक पंचायतीची चळवळ यांनी रुग्णांची बाजू लावून धरली. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 1995 रोजी निर्णय देऊन मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा अधिनियमाच्या कक्षेत आणली. हा भाग सर्वपरिचित आहे. त्याच निर्णयातील एक उपविधान मात्र फारसे चर्चिले गेलेले नाही. जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा दिली जाते अशा रुग्णालयात केवळ नोंदणीपुरती नाममात्र रक्कम भरल्याने रुग्ण ग्राहक ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणजे केस पेपरचे पैसे हे शुल्क आहे, पण ते सेवेचे मोल नाही. ते भरणाऱ्यास पावती मिळते, ग्राहकाचा हक्क मिळत नाही. हा निष्कर्ष तर्कदृष्ट्या समर्थनीय आहे, कारण दहा रुपयांत कोणी वैद्यकीय सेवा विकत घेत नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा की, सर्वांत गरीब रुग्ण जे शुल्क भरतो त्याचाच वाद ग्राहक न्यायालयाच्या दारापर्यंत जाऊ शकत नाही. याच निर्णयानुसार ज्या रुग्णालयात काहींकडून मोबदला घेतला जातो व काहींकडून नाही, तेथील सर्वच रुग्ण ग्राहक ठरतात. तपासण्यांचे व खाटांचे सेवाशुल्क वाढत गेले तसतशी सार्वजनिक रुग्णालयेही या दुसऱ्या वर्गाकडे सरकली असे म्हणता येईल. सेवाशुल्काच्या समर्थकांच्या मनात हा परिणाम नसावा.

राज्य शासनाने 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार विनामूल्य केले व केस पेपरचे शुल्कही रद्द केले. मुंबईतील महापालिकेची रुग्णालये या विभागाच्या अधीन नाहीत. माहुलच्या रहिवाशास जवळचे असे गोवंडीचे शताब्दी, घाटकोपरचे राजावाडी आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय ही तिन्ही महापालिकेचीच आहेत. त्यामुळे राज्यभर गाजलेला हा निर्णय या वस्तीच्या वाट्याला थेट आला नाही. 2022 पासून सुरू झालेल्या महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांत मात्र तपासणी, औषधे व ठराविक चाचण्या मोफत मिळू लागल्या.

धर्मादाय रुग्णालये आणि अनामतीचा प्रश्न

सार्वजनिक रुग्णालयातील गर्दी टाळून जाणारा रुग्ण खासगी दवाखान्यात जातो. मुंबईतील अनेक मोठी खासगी रुग्णालये कायद्याने सार्वजनिक न्यास आहेत. स्वस्त दरातील जमीन, वाढीव चटईक्षेत्र, करांतील सवलत यांचा लाभ त्यांना मिळालेला असतो. त्याच्या मोबदल्यात समाजाला काय मिळावे, हा प्रश्न 1985 मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 यात कलम 41 कक घालून सोडविण्याचा प्रयत्न झाला. अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्यात, अशी ही तरतूद होती. पुढील वीस वर्षे तिची अंमलबजावणी नाममात्र राहिली. खाट मोफत म्हणजे नेमके काय मोफत, हे कोठेही लिहिलेले नव्हते. खाटेचे पैसे घ्यायचे नाहीत आणि ते इतर शीर्षांखाली वसूल करायचे, याला वाव होता.

रिट याचिका क्रमांक 3132/2004 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 17 ऑगस्ट 2006 रोजी मंजूर केलेली योजना या विषयाच्या इतिहासातील महत्त्वाचा दस्तऐवज मानावी लागेल. ती 1 सप्टेंबर 2006 पासून लागू झाली. निर्धन रुग्णासाठी त्या वेळी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 25,000 रुपये व दुर्बल घटकासाठी 50,000 रुपये होती. त्या मर्यादा पुढे वाढविण्यात आल्या. योजनेची खरी कामगिरी मर्यादा ठरविण्यात नसून बिलाची फोड करण्यात आहे. खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, रुग्णालय देत असल्यास जेवण, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या आणि स्वच्छता या सेवांना तिने बिल न लावण्याजोग्या सेवा ठरविले. औषधे, वापरून संपणारे साहित्य आणि रोपणसाहित्य यांचा आकार खरेदी किमतीनेच धरावा, असे सांगितले. इतर रुग्णांच्या ढोबळ बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करण्याचे बंधन घातले. आणि या दोन वर्गांतील रुग्णांकडून दाखल करून घेताना अनामत मागू नये, असेही स्पष्ट केले.

एका न्यायालयीन आदेशाने रुग्णालयाच्या बिलातील ओळींचे दोन गट पाडले : एक उपचाराचा, दुसरा रुग्णालय चालविण्याचा. दुसऱ्या गटाचा भार निदान गरीब रुग्णावर टाकू नये, हे त्यामागील तत्त्व होते. प्रशासकीय आकाराविरुद्धचा युक्तिवाद मुंबईत इतक्या नेमकेपणाने यापूर्वी मांडला गेला नव्हता. तरीही योजनेचा लाभ मिळणे हे उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्याची तत्परता यांवर अवलंबून राहिले. घर बदललेल्या, कागद जुन्या पत्त्याचे असलेल्या कुटुंबाची येथे कशी कुचंबणा होते, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अनामतीचा प्रश्न तर मिटलाच नाही. पुण्यातील दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात एका गर्भवतीच्या उपचारांपूर्वी 10 लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला, आणि नंतर दुसऱ्या रुग्णालयात प्रसूतीनंतर तिचा मृत्यू झाल्याने एप्रिल 2025 मध्ये राज्यभर क्षोभ उसळला. चौकशी समित्या नेमल्या गेल्या. तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही, असे रुग्णालयाने जाहीर केले. अनामत न मागण्याचा नियम निर्धन व दुर्बल रुग्णांपुरता 2006 पासून अस्तित्वात होता. त्याचे स्मरण होण्यास जवळजवळ एकोणीस वर्षे आणि एक मृत्यू लागला.

बिल वाचणारा तिसरा

रुग्ण आणि रुग्णालय यांच्यामध्ये प्रथम उभा राहिलेला समर्थ तिसरा पक्ष म्हणजे विमा कंपनी. वैद्यकीय विम्याचा प्रसार झाला तसे बिलातील प्रत्येक ओळ तपासणे कंपन्यांच्या हिताचे झाले. विमा नियामक प्राधिकरणाने 2013 मध्ये प्रमाणीकरणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली तेव्हा सामान्यतः देय नसलेल्या 199 बाबींची यादी त्यांना जोडली होती. पुढील सुधारित याद्यांत त्या बाबींचे चार गट केले गेले. त्यांपैकी खोलीभाड्यातच अंतर्भूत मानावयाच्या बाबींचा गट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. फाईल उघडण्याचा आकार, कागदपत्र व प्रशासकीय खर्च, डिस्चार्ज प्रक्रियेचा आकार, रोजच्या तक्त्याचा आकार, भेटीच्या पासचा आकार, रुग्णाच्या मनगटावरील नावपट्टी आणि स्पष्टीकरण नसलेला किरकोळ खर्च. ही यादी म्हणजे भारतीय रुग्णालयीन बिलाचा एक छोटा सामाजिक इतिहासच होय. एखाद्या बाबीची यादीत नोंद झाली याचा अर्थ तिचे पैसे कोठेतरी, कोणाकडून तरी घेतले जात होते.

परंतु या यादीचा पल्ला मर्यादित होता. नियामकाचा अधिकार विमा कंपन्यांवर चालतो, रुग्णालयांवर नाही. खोलीभाड्यात मोडणारी बाब वेगळी देणार नाही, असे कंपनीने कळविले की ती रक्कम रुग्णालयाने सोडून द्यावी, हे अपेक्षित होते. पुष्कळदा ती रोखीने रुग्णाकडून घेतली गेली. कंपनीने तत्त्व प्रस्थापित केले आणि वाद रुग्णाच्या पदरात टाकला. तरीही ते तत्त्व उपयोगाचे आहे. फाईलचे पैसे स्वतंत्रपणे मागणे अयोग्य आहे, असे म्हणणारा विमाधारक स्वतःचे मत मांडत नसतो. एका वैधानिक प्राधिकरणाच्या मताकडे बोट दाखवीत असतो.

विमा विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांसाठी राज्याने 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत मुंबई शहर व मुंबई उपनगर यांचा समावेश होता. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. योजनेतील उपचारांचा दर एकत्रित असल्याने खाट, परिचर्या, तपासण्या, औषधे व जेवण यांचे निराळे पैसे घेता येत नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मान्यताप्राप्त रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमण्याची व्यवस्था. त्याच्या कामाचा दर्जा जागोजागी भिन्न असेल. परंतु तक्रार ऐकण्यासाठी रुग्णालयाबाहेरून नेमलेला एक माणूस रुग्णालयाच्या आतच बसतो, ही कल्पना या योजनेने रुजविली. ती कल्पना किती परिणामकारक ठरू शकते, हे आठ वर्षांनंतर आलेल्या महामारीत दिसून आले.

महामारी आणि लेखापरीक्षक

2020 च्या उन्हाळ्यात मुंबईतील खासगी रुग्णालयांच्या बिलांविषयीच्या तक्रारींना सीमा राहिली नाही. साथरोग अधिनियम, 1897, आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 आदी कायद्यांखाली राज्य शासनाने 21 मे 2020 रोजी अधिसूचना काढून खासगी रुग्णालयांतील 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले. विलगीकरण कक्षासाठी प्रतिदिन 4,000 रुपये, कृत्रिम श्वसनयंत्राविना अतिदक्षता विभागासाठी 7,500 व श्वसनयंत्रासह 9,000 रुपये. या दरांत खाट, परिचर्या, तपासणी, जेवण, नेहमीच्या चाचण्या व औषधे यांचा समावेश होता. 2006 च्या योजनेने गरिबांपुरती केलेली बिलाची फोड येथे काही काळ सर्वांसाठी लागू झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

दर बांधल्याने प्रश्न सुटला नाही, त्याने जागा बदलली. संरक्षक पोशाखाचा, म्हणजे पीपीई किटचा, खर्च या दरांतून वगळलेला होता. लवकरच तीच बिलातील सर्वांत वादग्रस्त ओळ ठरली, आणि त्याच वर्षी तिच्यावरही स्वतंत्र मर्यादा घालावी लागली. जैववैद्यकीय कचरा, निर्जंतुकीकरण, विशेष देखभाल अशी नवी शीर्षे दिसू लागली. बांधलेल्या दराच्या कडेने पैसा वाट काढतो, हा अनुभव भाडेनियंत्रणापासून साखरेच्या भावापर्यंत मुंबईला नवा नव्हता.

तथापि एक गोष्ट नवी होती. जून 2020 मध्ये महापालिकेने शहरातील 35 मोठ्या खासगी रुग्णालयांवर देखरेखीसाठी पाच सनदी अधिकारी नेमले आणि बिले तपासण्यासाठी आपले लेखापरीक्षक धाडले. जकात, पाणीपट्टी, कंत्राटे यांचे हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेले हे कर्मचारी वैद्यकशास्त्र जाणत नव्हते. त्यांना ते जाणण्याची गरजही नव्हती. अधिसूचनेतील दर आणि बिलातील ओळ शेजारीशेजारी ठेवून ते फरक काढीत. अनेक बिले कमी झाली, काहींचे पैसे परत मिळाले. तज्ज्ञतेचा जो पडदा रुग्णाच्या प्रश्नाला अडवीत असे, तो एका कारकुनी पद्धतीने दूर झाला. महामारीच्या काळातील आरोग्यप्रशासनाच्या मूल्यमापनात या लेखापरीक्षकांना मिळायला हवे तेवढे स्थान मिळालेले नाही.

व्यवस्थेच्या मर्यादाही त्याच काळात स्पष्ट झाल्या. कोविडेतर रुग्णांचे दर नियंत्रित करण्याचा अधिकार या कायद्यांनी राज्याला दिलेला नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर 2020 मध्ये ठरविले. जून 2021 मध्ये शहरांच्या वर्गवारीनुसार सुधारित दर आले. साथ ओसरली आणि दर, सनदी अधिकारी व लेखापरीक्षक हे सर्वच मागे घेतले गेले. ही बिलतपासणी कायमस्वरूपी यंत्रणा व्हावी, ही जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

दरफलक

मागे राहिला तो दरफलक. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम 1949 चा. जागा, स्वच्छता, परिचारिका यांवर त्याचा भर होता, आकारावर नाही. 1990 च्या दशकाच्या प्रारंभी एका याचिकेच्या निमित्ताने उच्च न्यायालयाच्या लक्षात आले की, त्याचीही अंमलबजावणी धड होत नाही. त्या निमित्ताने सुनील नंदराज यांनी शहराच्या पूर्व विभागातील निवडक खासगी रुग्णालयांची पाहणी केली, तीत निवासी इमारतींत थाटलेली, प्रशिक्षित परिचारिका नसलेली रुग्णालये मोठ्या संख्येने आढळली. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना अधिनियम महाराष्ट्राने स्वीकारला नाही. दरम्यान 2014 ते 2018 या काळात चाललेल्या एका जनहित याचिकेत बिलाच्या वादावरून रुग्णास अडकवून ठेवणे बेकायदेशीर असल्याचे उच्च न्यायालयाने बजावले, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2018 मध्ये 17 हक्कांची रुग्णसनद तयार केली. या सर्वांचे सार जानेवारी 2021 मध्ये राज्याने केलेल्या नियमदुरुस्तीत उतरले. प्रवेश शुल्क, खाट, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, परिचर्या, ऑक्सिजन अशा 15 बाबींचे दर रुग्णालयाने दर्शनी भागात लावावेत, रुग्णसनद लावावी, आणि स्थानिक पर्यवेक्षकीय प्राधिकाऱ्याने तक्रार निवारण कक्ष व टोल-फ्री क्रमांक चालवावा, अशी ही व्यवस्था आहे.

दर किती असावा हे नियम सांगत नाहीत, म्हणून हा फलक शोभेचा आहे अशी टीका झाली. ती अपुऱ्या वाचनावर आधारलेली वाटते. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार कायद्याखाली लावलेल्या दरपत्रकापेक्षा अधिक रक्कम सेवादात्याने आकारली, तर तो स्वतंत्रपणे तक्रारीचा विषय होतो. सेवांच्या बाबतीत ही तरतूद 2002 च्या दुरुस्तीपासूनच होती. बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असेही 2019 चा अधिनियम म्हणतो. या अधिनियमातील सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा नामनिर्देश नसल्याने डॉक्टर त्यातून सुटले, असा दावा मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये फेटाळला व सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा 1995 चा निर्णय, 2019 चा अधिनियम आणि 2021 चा फलक एकत्र वाचले असता चित्र पालटते. पूर्वी शुल्क अवाजवी आहे हे रुग्णाला सिद्ध करावे लागे, आणि अवाजवी म्हणजे काय याचे माप कोठेच नव्हते. आता रुग्णालयाने स्वतःच लिहिलेला आकडा हेच माप आहे. फलकावर प्रवेश शुल्क लिहिलेले असेल, तर त्यावर वेगळे ‘प्रशासकीय’ शुल्क घेण्याचे समर्थन रुग्णालयाला करावे लागेल.

प्रत्येक जादा आकार गैर असतो असा याचा अर्थ नव्हे. वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती मागण्याचा रुग्णाचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये मान्य केला, तेव्हा प्रती काढण्याचा योग्य खर्च घेण्यास रुग्णालयाला मोकळीक ठेवली होती. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनी मागणीनंतर 72 तासांत कागदपत्रे देण्याचे बंधन घातले. प्रतींचा खर्च आणि फाईल उघडण्याचा आकार यांत भेद आहे. पहिल्यात रुग्णाने काही मागितलेले असते; दुसऱ्यात रुग्णालयाने स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या कामाचे पैसे रुग्णाकडून घेतलेले असतात.

माहुलच्या रहिवाशाने हा मार्ग धरायचा म्हटले तर त्याला जिल्हा आयोगाकडे वांद्र्याला जावे लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क नाही. तरीही पाचशे रुपयांच्या प्रशासकीय आकारासाठी तीन-चार तारखांची मजुरी बुडविणे कोणत्याही हिशेबात बसत नाही, हे रुग्णालयाच्या हिशेबनिसालाही ठाऊक असते. त्यामुळे नियमांनी सांगितलेला स्थानिक कक्षच त्याच्या आवाक्यातील उपाय उरतो. मुंबईत शुश्रूषागृहांची नोंदणी करणारे व त्यांच्याविरुद्धची तक्रार ऐकणारे स्थानिक प्राधिकरण म्हणजे बृहन्मुंबई महानगरपालिका. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत जागा देणारी संस्थाही तीच.